नाक कुणाचं?

वळसंगवर लिहिलेल्या माझ्या जुन्या कथा आता मलाच वाचवत नाहीत. कथानकं अगदीच फसलीत असं नाही, पण त्यांत वास फार आहेत. पहिल्या पानावर भाजत्या भाकरीचा, दुसऱ्यावर पहिल्या पावसाचा, तिसऱ्यावर सारवलेल्या अंगणाचा. एका लेखन-शिबिरात ‘पंचेंद्रियांनी लिहा’ असं ऐकलं आणि मी प्रत्येक परिच्छेदात पाचही इंद्रियांची हजेरी घ्यायला लागलो. डोळे झाले की कान, कान झाले की जीभ. एखादं गैरहजर राहिलं तर मलाच चैन पडायची नाही.

वळसंग हे माझं आजोळ. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागतं. काळी माती, ज्वारी, मागावर गेलेल्या पिढ्या, घरात कन्नड आणि बाजारात मराठी. मी तिथे जायचो ते उन्हाळ्याच्या सुटीत आणि संक्रांतीच्या आसपास. म्हणजे माझ्याजवळ जे वळसंग होतं ते सुटीतलं, आयतं ताट समोर येणाऱ्या नातवाचं. हे लक्षात यायला फार उशीर लागला.

पहिली चूक तशी हसण्यावारी नेण्याजोगी. एका कथेत मी आगटीभोवती हुरडा खाणारी माणसं बसवली, हुरड्याबरोबर शेंगाची चटणी दिली, आणि वरून लिंबाच्या मोहोराचा वास सोडला. गावातल्या एका शेतकऱ्याने वाचून विचारलं, “हुरडा पुसात, मोहोर चैतात. तुमची आगटी तोवर पेटलेलीच का सर?” आमच्याकडची मालदांडी रब्बीची. हुरडा डिसेंबर-जानेवारीत, आणि लिंब मोहोरतो तोवर ज्वारीची रास घरात आणि कडबा बुचाडात गेलेला असतो. माझ्या डोक्यात मात्र दोन्ही वास ‘आजोळ’ नावाच्या एकाच डब्यात पडले होते.

त्यावर माझं उत्तर तयार होतं: आठवण खोटं कशी बोलेल? प्रूस्तचं नाव घ्यायला मी तेव्हा नुकताच शिकलो होतो. १९१३ साली आलेल्या त्याच्या कादंबरीच्या पहिल्या भागात चहात बुडवलेल्या केकच्या चवीतून सगळं बालपण उभं राहतं, हे मी ज्याला-त्याला सांगायचो. शास्त्राचाही आधार काढला. इतर इंद्रियांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमसमधून जातात. वासाचे मात्र त्या वळणाशिवाय भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचतात. हे खरंच आहे. पण त्यामुळे वासाची आठवण जास्त कळवळून येते, जास्त अचूक येते असं नाही. गळ्यात आवंढा आला म्हणजे पंचांगही बरोबर असतं, असं मी धरून चाललो होतो.

दुसरी चूक मागाची. कथेचा नायक विणकर, यंत्रमागावर काम करणारा. मी दीड पान नुसता खडखडाट लिहिला. नाद, लय, कानठळ्या, सगळं. सोलापुरात मागावर आयुष्य काढलेल्या एका ओळखीच्या म्हाताऱ्यांना मोठ्या हौसेने वाचून दाखवलं. ते म्हणाले, “एवढा आवाज तुला ऐकू येतो बे, दारातनं आत आल्यावर. आम्हाला कुठला आवाज? माग बंद पडला की ऐकू येतं.” मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या दीड पानात कुठेच नव्हतं. शेजारच्या मागावरच्या माणसाशी बोलायचं ते ओठांनी आणि हाताने. वीज गेली की सगळे एकदम गप्प होतात, कारण ओरडून बोलायची सवय असते आणि स्वतःचाच आवाज दचकवतो. धोट्यातली कांडी संपत आली हे चालीवरून कळतं. आणि घरी बायको म्हणते, जरा हळू बोला.

त्यांच्या बोटांकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. तुटलेला दोरा जोडताना अंगठा आणि तर्जनी अशी फिरायची की गाठ कधी पडली ते दिसायचं नाही. बोलणं थांबायचं नाही, नजरही तिकडे नसायची. त्या विणकराचं स्पर्शाचं सगळं जग त्या दोन पेरांत होतं. मी मात्र कानाला धरून बसलो होतो, कारण दारात उभं राहणाऱ्याला कानच मिळतात.

‘बनगरवाडी’ त्यानंतर पुन्हा वाचली. माडगूळकरांचा मास्तर बाहेरून आलेला आहे आणि कादंबरी ते कधी लपवत नाही. मी बाहेरचा असून आतल्याच्या अंगात शिरलो होतो.

तिसऱ्या चुकीबद्दल मात्र हसता येत नाही. कथा स्वातंत्र्यापूर्वीची होती. दलित वस्तीतली एक बाई भर उन्हात गावच्या विहिरीवर येते, रहाट कुरकुरतो, ती ओंजळभर पाणी पिते आणि ते ‘गुळचट गार’ लागतं. ती चव माझी होती, आजोळच्या माठातली. दिवाळी अंकात छापून आल्यावर गावातल्याच एका तरुणाने फोन केला. आवाज चढवला नाही. “कुठल्या विहिरीवर आणलंत तिला?” एवढंच विचारलं.

वळसंगच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. इथल्या दलित समाजाने पाण्यासाठी स्वतःची विहीर खोदली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विहिरीसाठी इथे आले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. माहीत असून माझ्या कथेत ती नव्हती, कारण मी ‘संवेदना’ लिहीत होतो आणि इतिहास मला त्यापासून वेगळा वाटत होता. शेजारच्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली आलं. त्यातली भूक मी वाचली होती, दाद दिली होती. तरी लिहायला बसलो तेव्हा त्या बाईच्या तोंडात जीभ स्वतःचीच ठेवली.

रहाटाची कुरकुर तिने जवळून ऐकलीच नसती. विहिरीपासून लांब उभं राहून कुणी पाणी वाढेल का याची वाट बघणाऱ्या माणसाला काय कळतं, हे मी नव्याने विचारायला लागलो. पाणी किती उंचावरून पडतंय. घागरीत किती आणि बाहेर किती सांडतंय. वाढणाऱ्याचा आज मूड कसा आहे, हे त्याच्या पावलांच्या आवाजावरून. चवीपर्यंत जायला तिला उसंत होती का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

ती कथा मी पुन्हा लिहिली, छापायला दिलेली नाही. एका मित्राने वाचली आणि म्हणाला, कोरडी झालीय. झालीच आहे. पाण्याची चव गेली, मातीचा वास गेला. रहाटाचा परिच्छेद काढताना सगळ्यात जिवावर आलं. इतका चांगला जमला होता की त्याची एक प्रत मी अजून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे.