अर्जातला रिकामा रकाना

मुलांनो, परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आई-वडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे, तेव्हा ही आजीजवळ राहून माझ्या वर्गात शिकली. आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा अर्ज घेऊन आली होती. २०२४ पासून आपल्याकडच्या कॉलेजांत 'मेजर' आणि 'मायनर' विषय निवडावे लागतात ना!

"बाई, मेजर गणित घेऊ का? सगळे म्हणतात, टक्के घसरतील."

मी गप्पच बसले. अकरावीत पहिल्या चाचणीत मला २५ पैकी ६ गुण पडले, अन् मी घाबरून गणित सोडलं. पुढं डी.एड. केलं. शिकवायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण ते सोडलेलं गणित अजून टोचतं. तसं तिला सांगून टाकलं.

मग म्हटलं, "चार अंकी संख्या सांग. सगळे अंक सारखे नकोत."

"३५२४."

अंक उतरत्या क्रमानं लावले, मग चढत्या, आणि वजाबाकी केली. ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. तसंच पुन्हा केलं तर ८३५२. पुन्हा केलं, ६१७४. त्यानंतर कितीही करा, ६१७४च! देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली हे शोधलं. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात.

तिनं आणखी तीन संख्या करून पाहिल्या. "पण बाई, असं का होतं?"

मला सांगता येईना.

"मग मलाच शोधावं लागंल," म्हणाली, अन् मेजरच्या रकान्यात 'गणित' लिहिलं. मायनरचा रकाना अजून कोराच आहे. त्यासाठी रविवारी परत येणार आहे.