आडवं पडलेलं झाड

इंटर्नशिपला म्युनिकला होतो. एम-थ्रीची केटी पुन्हा लागल्याचं कळलं आणि त्या रविवारी एकटाच बव्हेरियन फॉरेस्टमध्ये गेलो. स्प्रूस म्हणजे देवदाराच्याच कुळातलं सूचिपर्णी झाड. १९८३ च्या वादळात इथले हजारो स्प्रूस पडले. राखीव भागातले मुद्दाम उचलले नाहीत. काय हा पसारा, म्हटलं!

जवळून बघतो तर कुजक्या ओंडक्यावर बोटभर रोपं रांगेत उभी! गवतात बी सहसा तगत नाही. ओंडक्यात ओल टिकते. पुढे मोठ्यांच्या सावलीत ती वर्षानुवर्षं थांबतात. वरचं झाड पडून उजेड आला, की वाढतात.

मित्रांनो, थांबणं म्हणजे संपणं नव्हे. परत येऊन केटीचा फॉर्म भरला. सुटली का, ते रूम पार्टनरला विचारा!