मे महिन्यातली पाहणी

दुर्गम गावात उपग्रहाचं इंटरनेट बसवायचं म्हटलं की सगळ्यांच्या माना वर होतात. पण आकाशाकडचं काम हिशेबाचं आहे आणि हिशेब सुटतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडहून त्याच्याकडे डिश रोखायची तर दिशा नि कोन आधीच कागदावर काढता येतात. होकायंत्र पत्र्याच्या छपरापासून लांब धरायचं, मीटरवर सिग्नल चढेपर्यंत डिश केसभर सरकवायची आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. एकच बाजू गच्च केली की शेवटच्या पिळाला डिश हलते नि कमावलेला सिग्नल जातो. यात कसब आहे, पण ते शिकता येतं. जोडणी बंद पडते ती बहुधा जमिनीवरच्या कारणांनी.

आता कोणी म्हणेल, 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांसाठी सपाट अँटेना आलेत, ते अँटेना उपग्रह आपले आपण शोधतात. मग बसवणारा कशाला? उपग्रह शोधतात खरे, पण वीज नाही शोधत. संच 60 वॅट खात असेल तर दिवसाला 1,440 वॅट-तास लागतात. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीत 1,800 वॅट-तास असतात, आणि बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच काढावेत. ती भरते सौर पॅनेलवर, म्हणून सूर्य दिसला नाही तर पंधरा तासांत खेळ संपला. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो तो नेमका अशाच दिवसांत. जागेची पाहणी मात्र मे महिन्यात होते, कारण गाडी तेव्हा सुखाने पोचते. मेमध्ये ऊन रखरखीत, सागाला पान नाही, आकाश चौफेर मोकळं. जुलैत त्याच सागाची सुपाएवढी ओली पानं आडवी येतात. भूस्थिर उपग्रहाच्या डिशला दक्षिणेकडची एक फट पुरते. सपाट अँटेनाला आकाशाचा मोठा तुकडा लागतो, म्हणजे झाडांचा जाच नव्या यंत्रालाच जास्त.

फायबर पोचली तर ती केव्हाही सरस, यात वाद नाही. पण ती पोचेपर्यंतचे पावसाळे काढायचेच आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने अशाच सपाट अँटेनांची सेवा देणाऱ्या स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली आणि नंदुरबार हे जिल्हेही आहेत. संच येतील तेव्हा येतील. निविदा लिहिणाऱ्यांनी अँटेनाच्या ओळीखाली खांब, अर्थिंग आणि दुसऱ्या बॅटरीची ओळ घालावी, आणि जागा ठरवण्याआधी गावातल्या माणसाला विचारावं की जुलैत इथे ऊन कुठे पडतं.