गोदेच्या गाळाचे बेट

नदीच्या उगमाला आपण तीर्थ मानतो. तिच्या मुखापाशी मात्र आपल्यापैकी फार थोडे जण जातात. त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान झाले, पैठणला नाथांचे दर्शन घडले, बासरला मुलांचा अक्षराभ्यास उरकला आणि एखादी भद्राचलमची यात्रा पदरी पडली, की गोदावरीशी असलेले आपले नाते पुरे झाले असे हैदराबादेतल्या मराठी घरांना वाटते. परंतु १४६५ किलोमीटर चालून आलेली ही नदी अखेरीस काय घडवते, हे पाहायचे असेल तर काकिनाड्यास गेले पाहिजे.

आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या गाडीचे नावच गौतमी एक्स्प्रेस. पहाटेच्या अंधारात राजमहेंद्रीच्या लांबलचक पुलावरून गाडी धडधडत जाते, तेव्हा खालचे पाणी नदीचे की समुद्राचे असा क्षणभर संभ्रम पडतो. पुलाच्या खाली काही अंतरावर धवळेश्वरम येथे सर आर्थर कॉटन यांचा १८५२ साली पुरा झालेला बंधारा आहे. तेथून नदीचे गौतमी आणि वसिष्ठा असे मुख्य फाटे होतात. ज्या गौतम ऋषींनी त्र्यंबकी गंगा आणली असे आपण ऐकत आलो, त्यांचेच नाव येथे समुद्राला मिळणाऱ्या धारेने धारण केले आहे.

गौतमीच्या मुखालगतचे कोरंगीचे कांदळवन १९७८ साली अभयारण्य झाले. त्याचा विस्तार सुमारे २३५ चौरस किलोमीटर. वनखात्याने बांधलेल्या लाकडी पायवाटेवरून हिंडताना तिवराची श्वासमुळे चिखलातून बोरूंसारखी वर आलेली दिसतात. भरतीचे पाणी चढले की ती बुडतात, ओहोटीला पुन्हा उघडी पडतात. पाणमांजरे आणि मासे धरणारे रानमांजर यांचे हे घर. आमच्या वाट्याला मात्र खेकडे, बगळे आणि खंड्या एवढेच आले.

दुसऱ्या दिवशी मोटारहोडीने आम्ही 'होप आयलंड'कडे निघालो. नाव बेटाचे असले तरी मुळात हा गौतमीच्या मुखापासून उत्तरेकडे वाढत गेलेला वाळूचा दांडा आहे. लांबी सुमारे १६ ते १८ किलोमीटर, रुंदी अगदीच बेताची, आणि उंची इतकी कमी की दुरून पाण्यावर नुसती एक रेघ ओढल्यासारखी वाटते. भूगोलाच्या हिशेबाने त्याचे वय तान्ह्या बालकाचे: गेल्या दीड-दोनशे वर्षांत नदीने आणलेला गाळ आणि वाळू किनाऱ्यालगतच्या प्रवाहांनी रचत नेली आणि हा बांध उभा राहिला.

उतरल्यावर दोन जगांचा अनुभव येतो. काकिनाड्याकडच्या बाजूस उपसागर तळ्यासारखा निवांत. वाळूचा उंचवटा ओलांडून पलीकडे गेले की बंगालच्या समुद्राचा गर्जणारा फेस. त्या उंचवट्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरली आहे. तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात. आपल्या पूर्वजांनी तिला हे नाव किती विचाराने दिले असेल! जानेवारीपासून पुढे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी याच वाळूत रात्री येऊन अंडी घालतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिले समुद्राकडे धावतात. जाळ्यात गुदमरून मेलेली मोठी कासवेही याच किनाऱ्याला लागतात.

आमचा नावाडी पलीकडच्या लाटांकडे बोट दाखवून म्हणाला, "इदि मा गोड." तेलुगूत गोड म्हणजे भिंत. ही आमची भिंत आहे, असे तो सांगत होता. आमच्या मराठी कानांना त्यातला दुसरा अर्थही ऐकू आला.

भिंतीची किंमत या किनाऱ्याने मोजलेली आहे. कोरंगी हे एके काळी नामांकित बंदर होते. येथून ब्रह्मदेशात गेलेल्या तेलुगू लोकांना तिकडे 'कोरंगी' म्हणूनच ओळखत. १७८९ च्या डिसेंबरातील वादळात समुद्राच्या तीन प्रचंड लाटांनी ते बुडवले. १८३९ च्या नोव्हेंबरातील तुफानाने पुन्हा उद्ध्वस्त केले. तेव्हा हा वाळूचा दांडा आजच्यासारखा लांबवर आडवा आलेला नव्हता. विशेष हे, की ज्या गाळाने कोरंगीचे बंदर पुढे उथळ करून निकामी केले, त्याच गाळाने काकिनाड्याला पहारेकरी दिला.

त्या पहारेकऱ्याची शिदोरी मात्र आटत चालली आहे. गोदावरीने आणलेल्या गाळात आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचा वाटा मोठा आहे. १९७६ साली पैठणला जायकवाडी झाले, त्याखाली श्रीरामसागर झाला, उपनद्यांवर कितीतरी लहानमोठी धरणे झाली; पाण्याबरोबर गाळही अडला. समुद्रापर्यंत पोचणारा गाळ १९७० च्या दशकात होता त्याच्या निम्म्याहूनही कमी १९९० च्या दशकात उरला, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा बऱ्याच ठिकाणी खचू लागला. अभयारण्याचा कायदा कुऱ्हाड आणि जाळे अडवू शकतो. वरून न येणारा गाळ तो आणून देऊ शकत नाही.

मराठवाड्यातील आप्तांच्या शेतांना जायकवाडीने काय दिले, हे आपण जाणतो. ती धरणे नसावीत असे कोण म्हणेल? परंतु नदीच्या पाण्याची वाटणी करताना आपण राज्यांचे हिस्से मोजतो, शेतांचे आणि शहरांचे मोजतो. तिच्या मुखाशी उभ्या असलेल्या या वाळूचा हिस्सा कोणत्याच कागदावर नसतो. नाथसागराच्या तळाशी बसणारी चिमूटभर माती मुळात तिकडे निघालेली होती, एवढे तरी ध्यानात असावे.

जाणाऱ्यांनी हिवाळ्यात जावे, भरती-ओहोटीची वेळ नावाड्याला आधी विचारून घ्यावी आणि पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. बेटावर मच्छिमारांची छोटी वस्ती आहे, दुकान नाही. मर्यादवेलीवर पाय देऊ नये.