रुळांवाचूनची आगगाडी

बालमित्रांनो, पुणे जिल्ह्याचा नकाशा उघडा पाहू! पुण्याहून पूर्वेच्या अंगाला दोन मोठे रस्ते निघालेले दिसतील. नगर रस्ता घोड नदीकाठच्या शिरूरला जातो. सोलापूर रस्त्याने गेलं, की भीमेकाठच्या दौंडकडे वळता येतं.

दौंड हे रेल्वेचं मोठं जंक्शन. तिथली मंडळी आगगाडीने पुणं गाठतात. शिरूरला रेल्वे नाही. तिथे सारी भिस्त एसटीवर. हे नातं जुनं आहे बरं का! १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली, ती याच रस्त्याने.

आता सांगा, आगगाडीच्या वाटेत कधी रिक्षा आडवी येते का? छे! पण शिरूरची बस वाघोलीला पोचते न पोचते, तोच ट्रक, मोटारी, स्कूटर यांच्या गर्दीत अडकते. मग बसलाही तिची स्वतःची वाट दिली तर?

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये नेमकं हेच केलं. रूळ नाहीत, बोगदे नाहीत; फक्त बससाठी राखलेला रस्ता. खर्च कमी, वेग जास्त. यालाच म्हणतात बीआरटी.

आपल्या देशात हा प्रयोग पहिल्यांदा केला पुण्याने. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी वेगळी वाट आखली गेली. हडपसर म्हणजे दौंडच्या वाटेवरचंच की! २०१६ मध्ये शिरूरच्या वाटेवर, नगर रस्त्यावरही बीआरटी आली. रस्त्याच्या मधोमध थांबे, आणि चढायला सोपं जावं म्हणून उंच फलाट.

पण एक अडचण झाली. एक बस गेली, की दुसरी येईपर्यंत ती वाट रिकामी दिसते. मग स्कूटरवाल्याला मोह होतो, त्याच्यामागे मोटार घुसते, आणि बस पुन्हा अडकते. शिवाय वाट मध्येच तुटली, तर वाचवलेला वेळ पुढच्या चौकात जातो. पुढे नगर रस्त्यावरच्या या वाटेचे भाग काढून टाकण्यात आले. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र अशा वाटांवरून बस धावतात.

आता एक गणित करा. एका बसमध्ये पन्नास माणसं आणि एका मोटारीत दोन, तर तेवढ्याच माणसांना मोटारी किती लागतील? पंचवीस! त्या रस्त्यावर एकामागे एक उभ्या करून पाहा. मग रिकामी दिसणारी वाट खरंच वाया गेलेली असते का?

उत्तर ठरवा, आणि आईबाबांनाही विचारा.