उलटं येणारं पाणी

इंग्लंडमधल्या नद्या हिवाळ्यात भरतात, हे इथे राहायला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. पाऊस बारा महिने पडतो, पण उन्हाळ्यातला बराचसा पाऊस झाडंझुडपं आणि ऊन मिळून संपवतात. ऑक्टोबरनंतर पानं गळतात, ऊन उतरतं, जमीन भिजून गच्च होते, आणि मग पडेल ते पाणी थेट ओढ्यानाल्यांत जातं. कयाक चालवणाऱ्यांचा खरा हंगाम तेव्हा सुरू होतो. दिवस चार वाजता मावळतो, बोटं बधिर होतात, आणि नदी मात्र काठोकाठ वाहत असते.

मी रेडिंगला राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. थेम्स घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिच्या लॉकपाशी पाट्या लावतात: पिवळी दिसली की प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, लाल दिसली की प्रवाह जोरात आहे, बोट बाहेर काढू नये. २०२४ च्या जानेवारीत ‘हेन्क’ वादळानंतर थेम्स पात्र सोडून शेतांत शिरली, तेव्हा बाकीचं गाव वाळूच्या पिशव्या रचत होतं. नदीवर जाणारे आम्ही सगळे आपापल्या फोनवर पातळ्यांचे आलेख बघत होतो. हेनली आणि मार्लो यांच्यामध्ये हर्ली नावाचं गाव आहे. तिथल्या बंधाऱ्याची गेटं उघडली की खाली एक लाट उभी राहते आणि दक्षिण इंग्लंडमधले कयाकवाले तिच्यावर खेळायला येतात. ‘किती गेटं?’ एवढाच प्रश्न शुक्रवारी रात्री एकमेकांना विचारला जातो. एक गेट म्हणजे नवख्यांचा दिवस, त्याहून जास्त उघडली की लाटेचं रूपच पालटतं.

ही भाषा मला परकी वाटली नाही, कारण मी कोल्हापूरची. जुलै लागला की आमच्याकडे सगळं शहर राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे आकडे पोरासोरांना पाठ. २०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती. अजूनही आप्पांचा फोन आला की पहिला प्रश्न तोच.

‘काय गं बाळ, पाणी किती फुटावर?’

‘आप्पा, इथे मीटरमध्ये सांगतात.’

‘मीटरचं राहू दे. धोक्याच्या वर हाय का खाली, तेवढं सांग.’

मी सांगते. तरी त्यांची काळजी जात नाही, आणि ती जावी असंही मला वाटत नाही. वाहत्या पाण्याची काळजी वाटणारी माणसंच मला सोबत हवी असतात.

कयाक शिकण्याची सुरुवात नदीवर होत नाही. आमचा क्लब हिवाळ्यात संध्याकाळी एक तरणतलाव भाड्याने घेतो. कमरेभोवती रबरी स्प्रेडेक आवळायचं, ते बोटीच्या कडेवर घट्ट बसवायचं, आणि मुद्दाम उलटायचं. पाण्याखाली डोकं खाली, पाय वर, नाकात पाणी. वल्ह्याने पाण्यावर टेकण मिळवून कमरेच्या झटक्याने बोट सरळ करायची, डोकं सगळ्यात शेवटी वर आणायचं. याला रोल म्हणतात. ग्रीनलंडमधल्या इनुइट शिकाऱ्यांनी तो जीव वाचवण्यासाठी घडवला. तिथल्या समुद्रात बोटीबाहेर पडलेला माणूस जगण्याची आशा थोडीच. सगळी ओढ डोकं आधी वर काढण्याकडे असते आणि नेमकं तेच करायचं नसतं. माझ्या मते या खेळातला अर्धा अभ्यास एवढ्या एका गोष्टीचा आहे.

आमच्या प्रशिक्षिका साठी ओलांडलेल्या बाई आहेत. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. त्यांनी मला पहिल्या थंडीत हर्लीला नेलं नाही, लॉडनवर नेलं. लॉडन ही थेम्सची उपनदी, रेडिंगच्या पूर्वेला. तिच्यावर जुन्या गिरण्यांचे बंधारे आहेत. त्यातल्या एकावरच्या पादचारी पुलावर आम्ही उभ्या राहिलो. बोटी गाडीवरच होत्या.

बंधारा दिसायला अगदी साधा होता. माणसाच्या कमरेएवढी उंची, सरळ कड, वरून एकसारखं पाणी, दोन्ही बाजूंना विटांच्या उभ्या भिंती. खाली पांढऱ्या फेसाचा एक पट्टा. त्या फेसात मुलांचा एक लाल चेंडू, प्लास्टिकची बाटली आणि हातभर लांबीचा ओंडका अडकले होते. चेंडू बंधाऱ्याकडे सरकायचा, पडणाऱ्या पाण्याखाली दबायचा, दिसेनासा व्हायचा, थोडा पुढे उसळून वर यायचा आणि पुन्हा बंधाऱ्याकडे सरकायला लागायचा. कधी डावीकडच्या भिंतीपर्यंत जायचा, तिथून परत मध्ये. ओंडका आडवा फिरत राहायचा. आम्ही उभ्या होतो तेवढ्या वेळात तिन्हींपैकी काहीही खाली वाहून गेलं नाही. ‘आता चेंडूच्या जागी माणूस ठेव,’ एवढंच बाई बोलल्या.

कड ओलांडून पडलेलं पाणी थेट तळाला जातं आणि काही अंतर पुढे जाऊन वर उसळतं. जिथे उसळतं तिथे पृष्ठभागावर फुगलेली एक रेघ दिसते. त्या रेघेच्या पलीकडचं पाणी पुढे जातं, अलीकडचं उलटं फिरून बंधाऱ्याकडे येतं. नदीतल्या खडकाखालीही असा उलटा प्रवाह तयार होतो, त्याला स्टॉपर म्हणतात. पण खडक वेडावाकडा असतो, कुठेतरी पाण्याला फट मिळते आणि माणूस त्या फटीतून निसटतो. माणसाने बांधलेला बंधारा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा असतो. फट नाही, कडेला भिंती. शिवाय फेसात हवा इतकी मिसळलेली असते की लाइफ जॅकेट नेहमीसारखं तरंगवत नाही, आणि वल्ह्याला धरायला घट्ट पाणी मिळत नाही. बोटीतून येणाऱ्याला तर हे काहीच दिसत नाही. वरून दिसते ती फक्त एक आडवी रेषा, जिथे नदी संपल्यासारखी वाटते.

पाणी वाढलं की धोका सरळ वाढत जातो, असंही नाही. थोड्या पाण्यात उलटा प्रवाह आखूड असतो. पाणी चढेल तसा तो लांबतो, जोर धरतो. आणखी खूप चढलं की खालची पातळी वरच्या पातळीला भिडते आणि बंधारा बुडून जातो. मग तिथे नुसत्या लाटा उरतात. सगळ्यात वाईट असतं ते मधलं पाणी. ‘राजाराम बंधारा पाण्याखाली’ ही बातमी मी लहानपणापासून ऐकत आले. बंधारा बुडण्याआधीच्या आणि पुन्हा वर येतानाच्या पाण्याबद्दल मात्र कोणी काही बोललेलं आठवत नाही.

पुलावर उभी असताना मला आठवलं ते माझं आजोळ, भोगावतीच्या काठचं. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घालायचे, आणि पाणी तुंबून वरून सांडायला लागायचं. निर्माल्यातले नारळ वाहत यायचे, खाली पडायचे आणि फेसात घिरट्या घालत राहायचे. नारळ पुढे का जात नाहीत, असं मी आजीला विचारलं होतं. ‘नदीला त्यांची माया लागलीय,’ ती म्हणाली होती. लॉडनवरचा तो चेंडू बघेपर्यंत मला दुसरं उत्तर मिळालं नव्हतं. आमच्याकडे बंधाऱ्यापाशी बुडालेल्यांच्या बातम्यांत नेहमी एक वाक्य असतं, की मुलगा पट्टीचा पोहणारा होता. ते खरंही असतं. पण पुढे पोहत जाणाऱ्याला ते पाणी मागे ओढतं, आणि त्याच्या हातापायांतलं बळ संपेपर्यंत ओढत राहतं. ‘येथे पोहू नये’ ही पाटी मला अपुरी वाटते. एक नारळ टाकून शाळेतल्या पोरांना दहा मिनिटं काठावर उभं करावं, त्यांना सगळं समजेल.

बाईंचा नियम असा की अनोळखी बंधारा दिसला की बोटी काठावर घ्यायच्या आणि खांद्यावरून पलीकडे न्यायच्या. उलट्या पाण्याची दोन्ही टोकं खालच्या अंगाला वळलेली असतील तर कडेने सुटता येतं, वरच्या अंगाला वळलेली असतील तर पाणी माणसाला पुन्हा मधे ढकलतं. हे वाचता यायला लागलं तरी नियम तोच राहिला, आणि तो मला मनापासून पटतो.

खरं खळाळतं पाणी मला भेटलं ते डेव्हनमधल्या डार्ट नदीवर. डार्टमूर हे ग्रॅनाइटचं पठार, वर दलदलीची कुजट माती. तिथे पाऊस झाला की नदी काही तासांत चढते आणि तशीच झरझर उतरते. पाण्याचा रंग कोऱ्या चहाचा. न्यूब्रिजपासून होल्न पुलापर्यंतच्या टप्प्याला ‘लूप’ म्हणतात. एकपासून सहापर्यंतच्या प्रतवारीत तिसऱ्या दर्जाचं पाणी, नदी चढली की त्याहून वरचं. न्यूब्रिजचा दगडी पूल पंधराव्या शतकातला. बोट उतरवण्याआधी सगळे त्याच्यापाशी उभे राहून पाणी कुठवर आलंय ते बघतात.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी पाणी बरंच वर होतं आणि अजून पाऊस चालू होता. आम्ही ओंजळीने तोंडावर पाणी मारून घेतलं. अशा पाण्यात पडलं की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो. तो पाण्याखाली ओढला जाऊ नये म्हणून चेहऱ्याला आधीच सवय करायची. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गिस्ब्रेख्ट यांचा एक साधा हिशेब इथे सगळ्यांना माहीत असतो: गार पाण्यात पडल्यावर एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. ड्रायसूटच्या आत मी लोकरीचे थर चढवले होते, तरी मनगटावरच्या रबरापुढचे हात उघडेच.

खाली निघाल्यावर विचार करायला जागा उरत नाही. खडकामागच्या शांत पाण्याला एडी म्हणतात. प्रवाहातून तिच्यात शिरायचं, मागे वळून बघायचं, पुढची एडी हेरायची, मग सुटायचं. ‘लव्हर्स लीप’ला नदी कड्यावर जाऊन आदळते आणि वळते. तिथे बाईंनी एकेकाला सोडलं. कड्यावरून परतणारी लाट बोटीच्या बगलेत बसली तेव्हा मी तिच्याकडेच कलले, वल्हं तिच्यात रोवलं, आणि पुढच्या क्षणी नदी माझ्यासमोर मोकळी होती. त्या क्षणाचा आनंद कुणाला समजावून सांगता येत नाही आणि मी तसा प्रयत्नही करत नाही.

‘ट्रिपल फॉल्स’ म्हणजे एकामागोमाग तीन पायऱ्या. तिथे बाईंनी मला खाली थ्रोबॅग घेऊन खडकावर उभं केलं. लांब दोर भरलेली ही पिशवी. एक टोक आपल्या हातात, पिशवी फेकायची. आमच्यातला एक तरुण दुसऱ्या पायरीला उलटला. रोलचा प्रयत्न झाला, बोट अर्धी वर आली आणि परत गेली. दुसरा प्रयत्न झाला. मग स्प्रेडेक सुटलं आणि त्याचं हेल्मेट फेसात दिसलं.

फेकायची घाई करायची नाही. तो वर येऊन श्वास घेईपर्यंत दोर त्याला दिसणारच नाही. मी पाय रोवले, त्याचं तोंड माझ्याकडे वळलं तेव्हा ‘रोप!’ म्हणून ओरडले आणि पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकली, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडेल. त्याने तो छातीशी धरला आणि पाठीवर झाला. दोर ताणला गेला तशी मी खडकावर बसले. आपण ओढायचं नसतंच. आपण फक्त धरून राहायचं, प्रवाहच माणसाला गोल फिरवून काठाला लावतो. तो एडीत आला, गुडघ्यांवर उभा राहिला, खोकला. बाकीच्यांनी त्याची बोट खालच्या वळणावर अडवली होती.

होल्न पुलाशी पोचलो तेव्हा तो उत्साहात होता, पुन्हा एक फेरी मारू म्हणत होता. पाणी सकाळपेक्षा चढलेलं होतं. बाई त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी त्याला हातमोजा काढून अंगठा करंगळीला लावायला सांगितलं. अंगठा निम्म्यातच थांबला. आम्ही त्याला गाडीत बसवलं, थर्मासमधलं गरम पेय दिलं आणि बोटी टपावर बांधायला घेतल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं. ‘ट्रिपल फॉल्स’पाशी बाईंनी थ्रोबॅग त्याच्या हातात दिली आणि खडकावरची तीच जागा दाखवली.