अंगणातली शेवंती कोणती निवडावी?

यंदा दारात शेवंती लावायचे मनात असेल, तर रोपवाटिकेत जाण्याआधी एक काम करा. कार्तिक-मार्गशीर्षात फुले भरात असतात. तेव्हा आपल्याच गावातली चार अंगणे फिरून या.

कुंडीतले गच्च फुललेले बुटके झाड पाहून मन भुलते. पण त्याला पुष्कळदा काळ्या कापडाखाली अंधार देऊन आणि वाढ रोखणारे औषध फवारून तसे केलेले असते. जमिनीत लावले की पुढच्या साली ते उंच, काटकुळे वाढते आणि कारभारी म्हणतात, पैसे पाण्यात गेले. शेजारणीच्या दारची शेवंती मात्र तुमच्याच मातीत, तुमच्याच पावसात टिकलेली असते.

पावसाचे म्हणाल, तर आपल्या दोन जिल्ह्यांत केवढा फरक! महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, तर माण, आटपाडी, जतला पाचशेच्या आसपास. शेवंतीला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही, मुळे कुजतात. पाटण-जावळीकडे ती उंच वाफ्यावर लावावी. पागोळ्या पडतात ती जागा टाळावी. वाळवा-मिरजेच्या काळ्या, उसाच्या पाण्याने चिबडलेल्या रानात तर शेणखत आणि वाळू मिसळलेली कुंडीच बरी. माणदेशात पाणी बेताचे असले तरी भांडी धुतलेल्या पाण्यावर दहा झाडे सहज जगतात. साबणाचे पाणी तेवढे वेगळे काढावे.

आता जात. झिप्री, राजा, बग्गी, सोनाली तारा, पांढरी रेवडी, पिवळी रेवडी ही आपल्याकडची जुनी नावे. गावागणिक एकाच फुलाला दुसरे नाव मिळते, म्हणून नावावर विसंबू नका, फूल हातात घेऊन पाहा. झिप्रीसारखे बारीक पिवळे फूल हारात ओवायला सोयीचे. देव्हाऱ्यात एकच फूल वाहायचे, तर राजासारखे मोठे पांढरे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजारात फुलांचे भाव चढतात. तेवढे चार गुरुवार निभावायचे असतील, तर त्या महिन्यात कोणाच्या दारी कळ्या शिल्लक आहेत ते आवर्जून बघा. माझे मत विचाराल तर एकच जात लावू नये. लवकर फुलणारी एक आणि उशिरा फुलणारी एक, अशी जोडी ठेवावी.

पसंत पडलेल्या झाडाला तेव्हाच चिंधी बांधून ठेवायला सांगा. बहर संपल्यावर झाड जमिनीलगत छाटले की बुडातून काश्या फुटतात. त्या मागून आणा, थोड्या पाण्यावर जगवा आणि वळिवाचा पाऊस झाला की फूटभर अंतराने लावा. महिनाभराने शेंडे खुडावेत. जीव कळवळतो, पण त्याशिवाय फांद्या फुटत नाहीत.

एवढे करूनही काही घरी नुसता पालाच माजतो. खत कमी पडले म्हणून युरियाची मूठ टाकू नका, आधी रात्री अंगणात येऊन पाहा. रात्र लांबू लागली की शेवंती कळी धरते. ओसरीवरचा बल्ब किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडला, तर तिला रात्र लांबल्याचे कळतच नाही. शेतकरी हरितगृहात मुद्दाम दिवे लावून बहर लांबवतात, तेच इथे नकळत घडते. श्रावण संपला की तो बल्ब झोपताना बंद करा. रस्त्यावरचा दिवा आपल्या हाती नसतो. तिथे शेवंती घराच्या मागल्या अंगाला, पण सकाळचे ऊन मिळेल अशी लावा.